'स्नोपियर्सर' पुन्हा सुरू केलं ते बरं झालं का? (सगळे खंड वाचलेल्यांसाठी)

सुरंगी (धागाकर्ती)

पुढे कथानकाबद्दल मोकळेपणाने लिहिणार आहे. ज्यांचं वाचायचं बाकी आहे त्यांनी इथेच थांबावं, रसभंग होईल.

या पावसाळ्यात 'स्नोपियर्सर' पहिल्या भागापासून 'टर्मिनस'पर्यंत सलग वाचून काढलं. ज्यांना फक्त बाँग जून-होचा २०१३ चा सिनेमा माहीत आहे त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. हे मूळचं फ्रेंच कॉमिक. जग गोठलंय आणि उरलेली माणसं एका न थांबणाऱ्या गाडीत आहेत. गाडीला एक हजार एक डबे. पुढे श्रीमंत, शेपटाला कंगाल. लेखक झाक लॉब. त्याने सत्तरच्या दशकात अलेक्सिस या चित्रकाराबरोबर हे सुरू केलं, पण १९७७ मध्ये अलेक्सिस वारला आणि काम अडलं. मग झाँ-मार्क रोशेत आला. १९८२ पासून ते मासिकात क्रमशः छापून आलं, १९८४ मध्ये पुस्तक निघालं. १९९० मध्ये लॉबही गेला.

गोष्ट तिथे संपायला हरकत नव्हती. पहिल्या भागाचा शेवट इतका बंद आहे की पुढे जायला वाटच ठेवलेली नाही. शेपटातून पळालेला प्रोलॉफ इंजिनापर्यंत पोचतो, पण त्याच्याबरोबर रोगही पुढे पोचतो. शेवटी उरतो तो एकटा, आणि इंजिन. तरीही १९९९ मध्ये रोशेतने बेंजामाँ लग्राँला लेखक म्हणून घेतलं आणि दुसरा भाग काढला, २००० मध्ये तिसरा. मग २०१५ मध्ये ऑलिव्हिए बोकेबरोबर 'टर्मिनस'. २०१९ पासून मात्झबरोबर प्रलयाच्या आधीची गोष्टही सुरू केली.

बहुतेक वाचकांचं मत मी असं ऐकलंय की पहिला भाग अस्सल आणि पुढचं सगळं ओढूनताणून. मला हे अजिबात पटत नाही. पहिल्या भागात 'बाहेर' म्हणजे फक्त मरण. प्रोलॉफ सुरुवातीला बाहेरून येऊन संडासाची खिडकी फोडून आत शिरतो, तेवढंच काय ते बाहेर. त्यानंतर सगळं डब्यातून डब्यात. लग्राँने पहिल्यांदा माणसांना गाडीतून खाली उतरवलं. दुसऱ्या भागात त्याच रुळांवर एक दुसरी गाडी आहे. तिच्यातल्या लोकांना पहिल्या गाडीशी टक्कर होण्याची सतत भीती, म्हणून अधूनमधून ब्रेकची तालीम होते. गाडी थांबली की जाड पोशाख घालून काही माणसं बाहेर पडतात, बर्फात चालतात, पाहणी करून परत येतात. मला या माणसांमुळे ही मालिका पहिल्यांदा खरी वाटली.

तुम्हाला काय वाटतं? नुसतं 'पहिला भाग भारी' असं लिहू नका, का ते लिहा.

शाईचा_डाग

धाग्याबद्दल धन्यवाद. मी चित्रांबद्दल बोलतो.

पहिल्या भागातला रोशेत तिशीच्या आतला आहे. काळं-पांढरं, रेष घट्ट, चेहरे टोकदार. डब्याची अरुंद जागा तो चौकटीतच पकडतो, त्यामुळे पान उलटताना आपणही वाकून चालतोय असं वाटतं. १९९९ मध्ये तो परतला तेव्हा हात पार बदललेला आहे. कुंचला मोकळा सुटलाय, करड्या रंगाचे फटकारे आहेत, माणसं बर्फात विरघळताना दिसतात. पुष्कळांना हेच खटकतं. मला उलट वाटतं की बाहेरचं जग काढायला हाच हात हवा होता. रोशेत स्वतः गिर्यारोहक, आल्प्सच्या परिसरात वाढलेला. त्याला बर्फ ओळखीचा आहे. पहिल्या भागात लॉबच्या संहितेने त्याला डब्यात कोंडलं होतं, दुसऱ्यात तो घरी आला.

मात्र गोष्टीच्या बाबतीत मी सुरंगीताईंशी सहमत नाही. लग्राँच्या भागांत पात्रं पातळ आहेत. प्रोलॉफ आणि अ‍ॅडलिन यांच्यातलं नातं लॉबने मोजक्या पानांत उभं केलं होतं. तिचं थंडीने मरणं अजून डोळ्यांसमोर आहे. दुसऱ्या भागाचा नायक प्युग, त्याचं तसं काही आठवतं का कोणाला?

चाकरमानी

+१. प्युग आठवतो तो फक्त कामामुळे, माणूस म्हणून नाही. दुसऱ्या भागात लोकांना खोट्या सहलींची सोडत लावून गुंगवून ठेवतात, ती कल्पना मात्र छान होती.

पावसाळी_गस्त

कधी प्रतिसाद देत नाही, वाचनमात्र असतो. पण 'खाली उतरलेली माणसं' वाचलं आणि राहवलं नाही.

माझे वडील कोकण रेल्वेत गँगमन होते, रत्नागिरीच्या बाजूला. लाइन २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, ९१ बोगदे, त्यात करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. लोक हे आकडे अभिमानाने सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण ती लाइन पावसाळ्यात चालते ती रात्री रुळांवरून पायी चालणाऱ्या माणसांमुळे. घोंगडी किंवा रेनकोट, हातात बॅटरी, लाल-हिरवा दिवा, कमरेला फटाके. फटाके म्हणजे डिटोनेटर. दरड दिसली की पुढे धावत जाऊन ते रुळांवर बांधायचे. इंजिनाचं चाक वरून गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. दोन टप्प्यांवरची माणसं मध्ये भेटतात, गस्तीच्या वह्या अदलाबदल करतात आणि आपापल्या बाजूला परत वळतात. म्हणजे मधली लाइन दोघांनी डोळ्यांनी पाहिली याचा पुरावा.

२२ जून २००३ ला वैभववाडीजवळ कटिंगमधली दरड रुळांवर आली आणि रात्रीची गाडी तिच्यावर आदळली. पन्नासहून जास्त माणसं गेली. त्या वर्षीपासून आमच्या घरी पावसाळा म्हणजे काय, हे लिहीत बसत नाही. आई रात्री रेडिओ बंद करत नसे, एवढं सांगतो.

आता कॉमिककडे येतो. पहिला भाग मी कॉलेजात असताना वाचला आणि मला तो आवडला नाही. कारण सांगितल्यावर मित्र हसले होते. माझा प्रश्न एवढाच होता की रूळ कोण बघतं? पृथ्वीभर लाइन, वर कायमचा बर्फ, आणि वर्षानुवर्षं एकही रूळ तडकत नाही, एकही स्लीपर सरकत नाही? लॉब इंजिनाला देव करतो. त्या गाडीत इंजिनाची पूजा करणारे लोक आहेत, आणि लेखक त्यांच्यावर टीका करतोय हे मला कळतं. पण रुळांबाबतीत तो स्वतःही त्या भक्तांसारखाच विश्वास ठेवून बसलाय. गाडी चालते कारण ती चालते.

लग्राँने हे ओळखलं असं मी म्हणत नाही. त्याची माणसं रूळ दुरुस्त करायला जात नाहीत, पाहणीला जातात. तरी त्या चित्रांत वजन आहे. पाठीवर सामान, पुढे काही दिसत नाही, मागे गाडी सुटण्याची वेळ जवळ येतेय. मी दुसरा भाग वडिलांना दाखवला. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी चित्रं बघत बघत सगळा संपवला आणि विचारलं, ह्यांना परत यायला उशीर झाला तर गाडी थांबते का? मी म्हटलं, नाही थांबत. ते म्हणाले, मग ही गाडी चालवणारे माणसं नव्हेत.

सुरंगी

गस्त दादा, वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी एवढं लिहूनही जे नीट मांडू शकत नव्हते ते तुम्ही मांडलंत.

कौलारू

भावना समजते, पण विषय हातातून सुटतोय. 'स्नोपियर्सर' रुळांबद्दल नाही, वर्गाबद्दल आहे. पहिल्या भागातली सगळ्यात भयंकर गोष्ट थंडी नाही. गाडीचा वेग कमी होतोय म्हणून शेपटाचे डबे सोडून द्यायचं पुढे ठरतं, ती गोष्ट भयंकर आहे. कोणी राक्षस नाही त्यात. सरळ हिशोब. अ‍ॅडलिन शेपटातल्या लोकांना मदत करणाऱ्या गटातली आहे, मनाने चांगली आहे, आणि तरी ती स्वतः शेपटात कधी गेलेली नाही. लॉबने आपल्यासारख्या वाचकालाच तिथे उभं केलंय.

गणपतीनंतर परतीच्या गाडीला खेडला किंवा चिपळूणला जनरलच्या दारात जे होतं ते इथल्या प्रत्येकाने पाहिलंय. आतले कडी लावून घेतात. ते दुष्ट नसतात, त्यांच्याही मांडीवर पोर असतं, पायाशी गाठोडी असतात. बाहेरचे दार बडवतात. पुढच्या स्टेशनला आत शिरलेला मग स्वतःच कडी लावतो. मी दोन्ही बाजूंना उभा राहिलोय. लॉब वाचताना मला ती कडी हातात जाणवली. लग्राँ वाचताना असं काहीच झालं नाही. त्याच्या गाडीत सत्ताधारी टक्करीची भीती दाखवून लोकांना ताब्यात ठेवतात. हे सरळ सरळ कट-कारस्थान झालं. वाईट माणसं वर, भोळी खाली. लॉबचं म्हणणं याहून जड होतं. पुनरुज्जीवनात हे हरवलं, आणि ते लहान नुकसान नाही.

शाईचा_डाग

कौलारू, हा या धाग्यावरचा सगळ्यात नेमका आक्षेप. शिवाय लॉब हा चित्रं न काढता फक्त लिहिणारा माणूस. त्याला १९८६ मध्ये फ्रान्समधल्या अंगुलेम कॉमिक महोत्सवाचा मानाचा पुरस्कार मिळाला तो लेखणीच्या जोरावर. त्याच्या जागी कोणालाही बसवलं तरी तुलना होणारच.

देवगडवालो

माका दुसरो आणि तिसरो भागच जास्त आवडलो. पयल्या भागात दर्या खंयच नाय. आमच्यासारख्यांका ता खटाकता.

तिसऱ्या भागात गाडी रूळ सोडून गोठलेल्या दर्यावर उतारता, त्या पानार मी थांबलंय तो थांबलंयच. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्यो वर काढून ठेवतत, जाळी शिवूक बसतत. पण तेवाय दर्या रात्रभर घुमता, घरात झोपलास तरी ऐकाक येता. थंय आवाजच नाय. आणि त्या गप्प दर्यावर त्येंका बिनतारीवर गाणा ऐकाक येता, आणि त्या गाण्याच्या मागसून ही सगळी माणसा निघतत. जीव वर-खाली झालो माझो वाचताना.

शेवटाक थंय कोण जिवंत नाय, नुसता यंत्र गाणा वाजवता. लोक म्हणतत लेखकान फसवल्यान. माका तसा वाटाक नाय. आमचे आजे वाऱ्याच्या आणि नक्षत्रांच्या भरवशार भायर पडत. कितीदा रिकामे परत इले. म्हणान जावचा सोडल्यानी काय? कौलारू काका म्हणतत ता वर्गाचा सगळा बरोबर. पण डब्यात बसान नुसती दारा उघडून काय जाता? कोणाक तरी दर्यावर उतरूक होया.

चाकरमानी

देवगडवाल्यानू, बरोबर बोललात. ते पान मी पण मोबाइलच्या पडद्यावर लावलं होतं.

तिवर

समुद्रावरून गाडी जाण्याबद्दल थोडी भर. खारं पाणी साधारण उणे १.८ अंश सेल्सियसला गोठतं, त्यामुळे गोष्टीतल्या थंडीत दर्या गोठणं अगदी शक्य. आणि बर्फावरून गाडी नेण्याचा प्रयत्न खरोखर झालेला आहे. १९०४ मध्ये रशिया-जपान युद्धाच्या वेळी बैकाल सरोवराच्या कडेची लाइन पुरी झाली नव्हती, म्हणून रशियाने गोठलेल्या सरोवरावर रूळ टाकले. पहिलंच इंजिन बर्फ फोडून आत गेलं. त्यानंतर इंजिनं सुटी करून, डबे घोड्यांना जुंपून पलीकडे नेले.

लग्राँची गाडी बर्फावर रूळ न टाकताच उतरते, तिला रणगाड्यासारखे पट्टे आहेत. तांत्रिकदृष्ट्या हे ओढूनताणून आहे हे मान्य. पण १९०४ च्या त्या घोड्यांबद्दल वाचलं तेव्हापासून मला ही कल्पना हास्यास्पद वाटत नाही. अडलेली माणसं असलं काहीतरी करतातच.

ओलं_खोबरं

मी फक्त सिनेमा पाहिलाय आणि २०२० ची मालिका थोडी. कुठून सुरुवात करू? इंग्रजीत सगळं मिळतं का?

शाईचा_डाग

मिळतं. इंग्रजी आवृत्ती २०१४ पासून आहे. पहिल्या खंडात मूळ गोष्ट, दुसऱ्या खंडात लग्राँचे दोन्ही भाग एकत्र. 'टर्मिनस' वेगळं. आधीच्या काळाची गोष्ट सगळ्यात शेवटी वाचा, आधी वाचलीत तर पहिल्या भागातलं न सांगितलेलं सगळं उघडं पडेल. आणि सिनेमातला शेपटात बसून चित्रं काढणारा माणूस आठवतो ना? ती चित्रं रोशेतचीच आहेत.

सुपारीची_वाडी

मी श्रीवर्धनची. प्रलयानंतरच्या गोष्टी मी पूर्वी खूप वाचायचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच अंगावर आलं. त्यानंतर बराच काळ या प्रकारचं काही हातात धरवेना.

दुपारभरात वाडी आडवी झाली. सुपारीचं झाड लावल्यापासून धरायला लागेपर्यंत वर्षं जातात, आणि आजोबांनी लावलेली झाडं काड्यांसारखी मोडून पडलेली. कौलं उडाली, वीज कित्येक दिवस नाही, फोन नाही. त्यात कोरोना. मुंबईहून आलेली माणसं शाळेत विलगीकरणात. कॉमिकमध्ये असतं ते सगळं होतं. पण कॉमिकमध्ये जे असतंच असं धरून चालतात ते नव्हतं. कोणी कोणाला लुटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोयते आणि करवती घेऊन लोक रस्त्यावर होते. आधी रस्ता मोकळा केला, मग एकमेकांच्या छपरांवर ताडपत्री टाकली. भांडणं झाली, नाही असं नाही. पंचनाम्यावरून, कोणाची किती झाडं धरली यावरून झाली. पण ती नंतर.

म्हणून मला पहिला भाग वाचवत नाही. तो थोर असेल. त्यात प्रलयानंतर माणसं एकमेकांचं काय करतात एवढंच आहे, एकमेकांसाठी काय करतात ते जवळपास नाही. लॉबला तेच दाखवायचं होतं, हे कळतं मला. पण कौलारूंनी म्हटलेली कडी मी पाहिलीये तशी ताडपत्रीही पाहिलीये. पुढच्या भागांत निदान काही माणसं दोर बांधून एकत्र बाहेर जातात. कथा पातळ असेल, मला तेवढं पुरलं.

कौलारू

सुपारीची वाडी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक सांगतो. तुमचं गाव दुसऱ्या दिवशी करवती घेऊन बाहेर पडलं कारण तिथे कोणी कोणाचा डबा सोडून देणार नव्हतं. उद्या सगळ्यांना पुरेल एवढं अन्न आहे हे माहीत होतं, मदत येणार हेही माहीत होतं. लॉबच्या गाडीत मदत कुठूनच येणार नाही. माझा आक्षेप कायम आहे, पण ताडपत्रीला माझ्याकडे उत्तर नाही.

तिवर

आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकरांनी मुंबईत बर्फ पडतो अशी कथा लिहिली होती. तिथेही भर माणसं काय करतात, शास्त्रज्ञ काय उपाय काढतात यावर आहे. आपल्या वाचकाला कदाचित अशीच प्रलयकथा जवळची वाटते. मराठीत चित्रकथा म्हटलं की इंद्रजालचा वेताळ आणि मँड्रेक, तेही १९९० मध्ये बंद पडलं. मोठ्यांसाठी, एवढ्या गंभीर विषयावर, आपल्या किनाऱ्याची चित्रकथा मला तरी मिळालेली नाही. रोशेतसारखा, जागा पायाखालून माहीत असलेला चित्रकार इथे असणारच. कोणी हात घालणार असेल तर खाडी, कांदळवन, भरती-ओहोटी याची लागेल ती माहिती मी देईन.

सुरंगी

सगळ्यांचे आभार. 'टर्मिनस'बद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

तिथे गाडी अखेर थांबते. जमिनीखाली माणसांची वस्ती सापडते, तिथले लोक चेहऱ्यावर मुखवटे चढवून राहतात. गाडीतल्यांना खाली उतरावं लागतं, आणि उतरल्यावर कळतं की ज्यांनी यांना आत घेतलंय त्यांचेही नियम आहेत, त्यांचंही शेपूट आहे. कौलारू, तुम्ही म्हणता तो लॉबचा हिशोब इथे परत येतो असं मला वाटतं, आणि लग्राँपेक्षा बोकेने तो नीट धरलाय. मुखवट्यांचा भाग मला जरा भडक वाटला, तेवढी पानं मी भराभर उलटली. पण गाडीतून उतरणाऱ्या गर्दीची पानं पाहा. वर्षानुवर्षं हलत्या जमिनीवर जगलेली माणसं पहिल्यांदा स्थिर जमिनीवर पाय टेकतात.

पहिला भाग एका माणसावर संपला होता. तो १९८४ मध्ये योग्यच होता. पण रोशेतने स्वतःच्या हाताने काढलेला तो एकटा माणूस पुढची तीसेक वर्षं सोडला नाही, तीन वेगवेगळे लेखक घेऊन त्याच्याकडे परत जात राहिला, आणि 'टर्मिनस'मध्ये त्याने गर्दी खाली उतरवली. याला मी ओढूनताणून म्हणणार नाही.

कौलारू

'टर्मिनस' मी अर्ध्यात सोडलं होतं, मुखवट्यांपाशीच. पुन्हा काढतो. पटलं नाही तर इथेच येऊन लिहीन.

पावसाळी_गस्त

माझ्याकडे 'टर्मिनस' नाही. रत्नागिरीत कोणाकडे असेल तर सांगा, मी येऊन नेईन. वडील विचारतायत पुढे काय झालं.

शाईचा_डाग

माझ्याकडे आहे. मी सध्या रत्नागिरीतच असतो. निरोप पाठवलाय, बघा. ठेवा हवे तितके दिवस.